पलीकडचं दिसेल असा पंजा

४ मार्च, सोमवार

आज ओंडका घरंगळला. या डायरीत लिहून ठेवावं असं आजवर काही घडलं नव्हतं. ही नणंदेच्या ऑफिसात फुकट मिळालेली डायरी, पानोपानी खाली सुविचार. आजचा सुविचार 'संयम हेच सामर्थ्य' असा आहे. असो.

काम बागवाल्या बाईंचं. वादळात त्यांच्या बागेच्या कडेची निलगिरीची अख्खी रांग आडवी झाली. तिच्याखाली वर्षानुवर्षं माजलेली काटेरी झुडपं होती, तीही आता ओंडक्यांत गुंतून बसली आहेत. सगळं उचलून रचायचं, ओंडके वेगळे, झुडपं वेगळी. एप्रिल संपायच्या आत बाईंना तिथे नवी रोपं लावायची आहेत.

आमची पद्धत ठरलेली. मी ट्रॅक्टरवर, सासरे खाली. बाबा ओंडक्याला साखळी घालतात, तिचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरच्या बकेटला, म्हणजे उचलायच्या लोखंडी सुपाला, अडकवतात आणि हाताने खूण करतात. मूठ वर म्हणजे उचल. तळवा खाली म्हणजे सोड. हात छातीवरून बाजूला फिरवला की माणूस बाजूला, खाली कोणी नाही. इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोग नसतो, म्हणून इतक्या वर्षांत खुणांची एक भाषाच झाली आहे. पाणी दे, डावं टोक जड आहे, बाई येताहेत, बाई गेल्या, सगळ्याला खूण आहे.

पूर्वी ट्रॅक्टर बाबाच चालवायचे. गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही म्हणून मला वर बसवलं आणि स्वतः खाली उतरले. आता दिवसभर उकिडवे बसून साखळ्या घालतात. त्यांच्या गुडघ्याचं त्यांनाच ठाऊक.

तर आज एक ओंडका उचलताना ढिगावरचा दुसरा सुटला. बाबा त्याच्याकडे पाठ करून वाकले होते. मी ओरडले. मग हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. बागवाल्या बाई घरातून फाटकापर्यंत धावत आल्या, पण बाबा मख्ख. ओंडका एका बुंध्याला अडला आणि त्यांच्या टाचेपासून वीतभरावर थांबला. मग ते वळले, न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, आणि मला खूण केली, चल पुढे.

माणसाने हट्टी किती असावं! राग इतका आला की भीती वाटायची राहूनच गेली. ती आता चहा पिताना वाटते आहे.

पंजा घ्यायचा. बकेट काढून त्या जागी लावतात, लिव्हर ओढला की वरचं झाकण मिटतं आणि ओंडका पकडला जातो. खाली माणूस लागतच नाही.

६ मार्च, बुधवार

नवरा दोन दिवसांसाठी घरी आहे. मालाचा ट्रक चालवतो, त्यामुळे घरच्या बातम्या त्याला शिळ्याच मिळतात. जेवताना मी विषय काढला.

"लोडरला पंजा घेऊ या. काम दुप्पट वेगाने होईल."

"पंजा घेऊ या म्हणते," आई बाबांकडे वळून म्हणाल्या. "काम दुप्पट वेगाने होईल म्हणते."

गेली काही वर्षं आईंना ही खोड लागली आहे. आमच्या घरात प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, एकदा बोलणाऱ्याकडून आणि एकदा आईंकडून. माझं बोलणं त्यांच्या हातून गेल्याशिवाय सासऱ्यांपर्यंत पोचू नये असं त्यांना वाटत असावं.

"साखळीला काय झालंय?" बाबा म्हणाले.

"साखळीने झुडपं उचलत नाहीत. ती अजून तशीच पडली आहेत."

आईंनी हेही पोचवलं.

"झुडपं मी हाताने ओढतो की. आणि पंजाचं वजन? लोडर पंजाच उचलत बसेल. नाकापेक्षा मोती जड."

नवरा म्हणाला, "तेवढं मात्र खरं आहे. पंजा वजा जाता किती उचलेल ते बघून घे."

वजनाचं कारण मला पटलं. पण बाबा ते सांगताना पानातल्या भाताशी बोलत होते, एरवी वजनाबद्दल बोलतात तसे मान वर करून नाही. मीही खरं कारण कुठे सांगितलं? तुम्ही चिरडले जाल म्हणून, असं सासऱ्यांना जेवताना कोणत्या तोंडाने सांगायचं? ताकाला जाऊन मी भांडं लपवलं आणि वेगाच्या गप्पा मारल्या.

९ मार्च, शनिवार

बाबांना घेऊन दुकानात गेले. अवजारांचं मोठं आवार, सगळ्या वस्तूंना नवाकोरा लाल रंग.

दुकानदार मला बसायला खुर्ची देऊन बाबांशी बोलू लागला. ट्रॅक्टर मी चालवते हे त्याला दोनदा सांगितलं. तो "वा वा" म्हणाला आणि पुन्हा बाबांकडे वळला. बाबाही त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. घरी एवढा विरोध आणि इथे नंदीबैल! दुकानदाराला वाटलं, असं गिऱ्हाईक जन्मात एकदा येतं.

पंजे तीन प्रकारचे होते. पहिला म्हणजे बकेटच, वर दातेरी झाकण. तळ बंद, त्यामुळे बारीकसारीक काडीकचराही उचलतो, पण माती तशीच आत राहते. दुसरा चिमटा. अरुंद, हलका, ओंडक्याला एक नंबर. तिसऱ्याचा तळ म्हणजे लांब वाकड्या दातांचं मोठं फावडं, दातांमध्ये मोकळ्या फटी, वर दोन झाकणं आणि दोन्ही आपापली मिटणारी. एका बाजूला जाड ओंडका आणि दुसऱ्या बाजूला झुडूप आलं तरी दोन्ही घट्ट धरतो. वजन मात्र तिघांत जास्त.

मी ऑइलचे पाइप कुठून जातात, फांदी अडकून तुटतील का, रुंदी चाकांच्या बाहेर जाते का, ते बघत होते. बाबांनी यातलं एकही बघितलं नाही. ते प्रत्येक पंजाच्या मागे जाऊन वाकले आणि त्यातून माझ्याकडे बघू लागले. पहिल्याच्या मागून उठून म्हणाले, "यातून पलीकडचं दिसत नाही."

दुकानदार हसला. "आजोबा, पलीकडचं बघायचंय कशाला? पलीकडे कोणी नसणारच. तोच तर फायदा!"

बाबांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, काय म्हणतोय? त्याचं बोलणं त्यांना किती क्षुल्लक वाटतं ते मला दाखवत असावेत. मी लांबूनच छातीवरून हात बाजूला फिरवला. माणूस बाजूला, खाली कोणी नाही.

तेव्हा कुठे त्यांचं तोंड उतरलं. दुकानदार सांगत होता तेव्हा हो हो चाललं होतं, आणि सुनेने तेच सांगितल्यावर राग. ते सरळ जाऊन गाडीत बसले. परत येताना वाटेत मी वजनांची बेरीज-वजाबाकी मोठ्याने करत होते. त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

११ मार्च, सोमवार

आई आज नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या. दीड महिना तरी येणार नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलताना समोर उभी राहून बोलत जा. पाठीमागून बोलू नकोस."

म्हटलं, "मी कधी पाठीमागून बोलले?"

"तसं नाही गं. समोर येऊन बोल एवढंच."

इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि वडीलधाऱ्यांशी कसं बोलायचं याचा पहिला धडा अजून चालू आहे. मी हो म्हणाले आणि पिशवी गाडीत ठेवली.

१३ मार्च, बुधवार

बाबांनी अबोला धरला आहे.

सकाळी स्वयंपाकघरातून विचारलं, "डबा आताच भरू की दुपारी घरी येऊ?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. बाहेर येऊन बघते तर गृहस्थ पायरीवर बसून पेपर वाचताहेत, जसं काही घरात दुसरं माणूसच नाही. मीही मग न बोलता डबा भरला. पुरुषमाणसाचा रुसवा काढायला मला वेळ नाही.

गंमत म्हणजे कामावर हाच माणूस दिवसभर बोलतो! साखळी हातात आली की तोंडावर तेज येतं. आज बागवाल्या बाई चिखलातून साडी सावरत आल्या तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभं राहून दोन बोटांनी त्यांची चाल करून दाखवली. मला हसू आवरेना. मग मी घाईत उचलू लागले तर त्यांनी हाताचा उंट करून वर मला बसवलं आणि खाली शेळ्या हाकल्या. उंटावरून शेळ्या हाकू नकोस! याला आमच्याकडे खूण नव्हती, आज झाली.

आणि घरी आल्यावर पुन्हा तोंडाला कुलूप. माणसाचा स्वभाव ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं की बदलतो असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

१५ मार्च, शुक्रवार

मिस्त्री येऊन लोडर बघून गेला. पंजाचं झाकण उघडमीट करायला ऑइलचा आणखी एक पाइप आणि सीटजवळ एक लिव्हर जोडावा लागेल. तो म्हणाला, "ताई, चिमटा घ्या. हलका आहे."

"पण झुडपं?"

"झुडपं चिमट्यातून निम्मी गळणार. ती कोणीतरी हाताने उचलून द्यायची."

म्हणजे पुन्हा खाली माणूस, आणि तोही पंजाच्या तोंडाशी. चिमटा माझ्यापुरता बाद. पण ते कारण मी मिस्त्रीलाही सांगितलं नाही.

त्याने एक गोष्ट नीट समजावली. पंजाने ताकदीबाहेरचं धरलं की ऑइलचा पंप किंचाळतो, इंजिन कण्हायला लागतं. तो आवाज आला की लिव्हर सोडायचा, नाहीतर पाइप फुटतो. "ट्रॅक्टर डोळ्यांनी कमी आणि कानाने जास्त चालवायचा असतो," म्हणाला. मी इतकी वर्षं चालवते, मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तरी मी तेच करत होते.

बाबा शेजारीच उभे होते. हे वाक्य झाल्यावर मिस्त्री टाळी घ्यावी तसा त्यांच्याकडे बघून हसला. ते जरा उशिराने हसले.

१८ मार्च, सोमवार

दुकानदाराने बंद तळाचा पंजा दोन दिवस वापरून बघायला दिला आहे. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून माणसं काय काय करतात. मिस्त्रीने पाइप जोडून दिला.

बाबा आज आले नाहीत. मी या म्हटलंही नाही. म्हटलं असतं तर उभे कुठे राहिले असते?

काम मात्र असं झालं की काय सांगू. धर, उचल, मागे, सोड. ना साखळी, ना थांबणं. दुपारपर्यंत आमचं नेहमीचं दिवसभराचं काम उरकलं. मला या सीटवर बसायला मुळातच आवडतं. घरात मी कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी. इथे सगळे माझ्या हाताकडे बघतात. सुरुवातीला लोक बाई ट्रॅक्टर चालवते म्हणून थांबून बघायचे, आता रस्ता सोडून उभे राहतात. आज तर वाटलं, मी आणि हे यंत्र, बस.

एकच चमत्कारिक वाटलं. संध्याकाळपर्यंत मी कोणाशी काहीच बोलले नव्हते.

घरी आले तर बाबा फाटकाजवळ रस्त्याकडे तोंड करून बसलेले. साखळीची एकेक कडी घासून, तेल लावून समोर फडक्यावर ठेवलेली. "बाबा, चहा ठेवते," म्हणत मी आत गेले. चहा त्यांच्या बाजूच्या कट्ट्यावर ठेवला आणि "घ्या" म्हणून हात धुवायला गेले. परत आले तर चहा तसाच, वर साय धरलेली. सुनेच्या हातचा चहासुद्धा नको, इथपर्यंत मजल गेली आहे. मी तो ओतून टाकला. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

१९ मार्च, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण. पंजाच्या बंद तळापलीकडचं मला दिसलं नाही आणि बागेचा पाण्याचा पाइप दातांखाली आला. असा फवारा उडाला की बागवाल्या बाई, मी आणि ट्रॅक्टर, तिघींची आंघोळ झाली. बाईंनी जे ऐकवलं ते लिहीत नाही.

पाइप तिथे आहे हे मला माहीत होतं. पण मी तिकडे लक्ष ठेवायचं असतं हे माहीत नव्हतं. ते बाबा ठेवायचे. मी इतकी वर्षं ओंडका बघतच नव्हते, बाबांचे हात बघत होते.

त्यांचं दुकानातलं म्हणणं बरोबर निघालं, पलीकडचं दिसायला हवं. हे त्यांना सांगायला हवं, पण अबोल्यात सांगायचं कसं?

२१ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते जमेल तसं लिहिते.

दुकानदाराचा पंजा पोचता करून दुपारी घरी येत होते. कोपऱ्यावरच आवाज ऐकू आला. आमच्या अंगणातली पाण्याची मोटर. टाकी रिकामी झाली होती आणि मोटर कोरडीच फिरत होती. लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज, दाताला कळ येईल असा. शेजारच्या घराच्या खिडक्या लावून घेतलेल्या. मी पळत आत शिरले.

बाबा मोटरीला पाठ करून, तिच्यापासून दोन हातांवर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. शांत. पान उलटून त्यांनी चष्मा पुसला.

मी मोटर बंद केली. मग त्यांच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. "बाबा." मग मोठ्याने. मग मी टाळी वाजवली. झाडावरचे पक्षी उडाले. बाबांनी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे बघत बसले.

मी वळसा घालून समोर गेले. मला बघून ते चपापले, हसले आणि खूण केली, झालं काम?

मी खूण केली, झालं. आणि आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. ओंडका घरंगळला त्या दिवशीचा हॉर्न आता माझ्याच डोक्यात वाजायला लागला. हट्टी म्हणाले होते मी त्यांना. मला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

मग आईंना फोन केला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही माहीत तर कोणाला? कानातलं मशीन पण आणलंय, कपाटात आहे. घालत नाहीत. शपथ घातली होती मला, सुनेला सांगायचं नाही म्हणून. तिला कळलं तर ती मला साखळीला हात लावू देणार नाही, म्हणतात."

"बरोबरच आहे. नाहीच लावू देणार! आई, चार तारखेला ते जाता जाता वाचले."

"अगं बाई! तू बोलली नाहीस ते?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

आई रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी किती सांगू, किती दोनदा दोनदा बोलू? माझा घसा जातो. माझ्याशीसुद्धा हो-नाहीपुरतंच बोलतात. तुझ्याबरोबर कामावर गेले की संध्याकाळी चेहरा वेगळा असतो त्यांचा. तिथे कोणालाच ऐकू येत नाही ना. तिथे सगळे सारखे."

फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यावरचं एकच भांडं घासत राहिले.

२२ मार्च, शुक्रवार

विचार सोपा आहे, फक्त तो दोन्हीकडून टोचतो. ऐकू न येणारा माणूस ओंडक्यांमध्ये उभा करायचा नाही. आता तर मुळीच नाही. आणि घरी ठेवला तर तो भिंतीकडे बघत बसणार. काल मी बघितलं ते बघणं.

नवऱ्याला फोन केला. त्याला थोडीफार कल्पना होती म्हणे. "वय झालं की होतं तसं," म्हणाला. "आता आराम करू दे त्यांना." घरच्या पुरुषांनी आराम हा शब्द फार स्वस्त केला आहे.

गुडघ्याचंही आता कळलं. गुडघ्याला काही झालेलंच नाही. ट्रॅक्टर कानाने चालवायचा असतो.

दिवसभर मी ट्रॅक्टरच्या सीटवर बसून होते. इंजिन बंद. सीटचं एक टोक फाटलं आहे, ते मी गेल्या उन्हाळ्यात शिवलं होतं. मला ती जागा सोडायची नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, बाकी कोणाला सांगणार नाही.

२३ मार्च, शनिवार

एकटीच दुकानात गेले. मोकळ्या फटींचा, दोन झाकणांचा पंजा ठरवला. जड आहे, म्हणून ट्रॅक्टरच्या मागे वजन बांधावं लागेल. एका खेपेला कमी उचलेल, तर दोन खेपा करू. झुडपं गळणार नाहीत, त्यामुळे कोणाला त्याच्या जवळ जावं लागणार नाही. ठरवण्याआधी दुकानदाराला पलीकडे उभं केलं, आणि मी ट्रॅक्टरच्या सीटच्या उंचीवर येईल अशा एका स्टुलावर चढले. पंजा मिटलेला, वर उचललेला, खाली टेकवलेला, तिन्ही वेळा मला त्याचे दोन्ही हात दिसले.

"ताई, पण पलीकडे कोणी नसणारच ना?" त्याने विचारलं.

"मी असणार आहे," मी म्हटलं. "जरा लांब."

त्याला काही कळलं नाही. पण त्या वेळी तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

२७ मार्च, बुधवार

पंजा बसला. बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "माझी पाठ धरली आहे. काही दिवस तुम्ही वर बसा. मी खाली बघते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "पाठ कधी धरली?"

"परवा."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवते. पण काम थांबवून चालणार नाही."

"तुझी जागा आहे ती," ते म्हणाले. मग बराच वेळ ट्रॅक्टरकडे बघत राहिले. "इंजिन ओढतंय का, ते..." एवढं बोलून थांबले.

मी कानाजवळ मूठ नेली आणि झटकन उघडली. "ही नवी खूण. पंप ओरडायला लागला की मी अशी करेन. तुम्ही लिव्हर सोडायचा. लांबून इंजिनाचा आवाज मला चांगला ऐकू येतो."

त्यांनी खूण करून बघितली. मग मान हलवून दुरुस्त केली, मूठ जास्त उंच, म्हणजे पंजाच्या वरून दिसेल. पाठीचं निमित्त त्यांना खरं वाटलं असावं. संध्याकाळी त्यांनी पाठीला लावायचं मलम माझ्या खोलीच्या दारात ठेवलं होतं. डबी सीलबंद होती.

२ एप्रिल, मंगळवार

पाच दिवस झाले. बाबा वर, मी खाली, सगळ्यात लांब ओंडक्याच्या लांबीपेक्षाही लांब. पहिल्या दिवशी त्यांनी लिव्हर इतका ओढला की पंप किंचाळला, आणि मी कानाजवळ मुठी उघडत नाचत होते. बागवाल्या बाईंना वाटलं मला काही चावलं. आता हात बसला आहे. माझ्यापेक्षा सावकाश उचलतात, पण झुडपाचा एक काटा खाली पाडत नाहीत आणि त्याबद्दल मला दर खेपेला खुणेने ऐकवतात.

खाली उभं राहणं मला आवडत नाही. वरून जे ढीग वाटायचे ते खालून भिंती वाटतात. ढिगात कुठेतरी कड् असा आवाज होतो आणि कोणता ओंडका सरकला ते दिसत नाही. मी एवढी लांब, दोन्ही कान शाबूत, तरी दर वेळी आणखी एक पाऊल मागे सरकते.

आज दुपारी त्यांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही डबा घेऊन सावलीत बसलो. मी त्यांच्या समोर बसले, आता तसंच बसते. जेवता जेवता ते बोलले, तोंडाने, बरंच मोठ्याने, त्यांना आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही.

"खाली भीती वाटते?"

मी आधी नाही म्हणणार होते. मग मान हलवली, हो.

"मलाही वाटायची," ते म्हणाले. "रोज वाटायची."

डब्यातला शेवटचा घास त्यांनी माझ्या झाकणात ठेवला, हात धुतले आणि ट्रॅक्टरवर चढले. मी त्यांना दिसेन अशा जागी जाऊन उभी राहिले.